बडासाब

जहाजावर नोकरी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पांढराशुभ्र गणवेश, हातात दुर्बीण आणि मागे मावळता सूर्य असं चित्र उभं राहतं. हा सगळा थाट डेकवाल्यांचा. माझे बाबा इंजिनवाले. त्यांचा गणवेश म्हणजे ऑइलचे डाग मिरवणारा बॉयलर सूट, हातात टॉर्च, मागच्या खिशात कॉटन वेस्टचा बोळा. आणि सूर्याचं म्हणाल, तर तो उगवला की मावळला हे त्यांना मेसमधल्या ताटावरून कळायचं. ताटात अंडं दिसलं की सकाळ. १९७४ ते २०११ एवढ्या काळात त्यांनी झाडून सगळे महासागर पालथे घातले. समुद्र कसा असतो हो, असं कुणी विचारलं की ते म्हणतात, "कुठला? लाल समुद्राचं पाणी उन्हाळ्यात बत्तीस डिग्रीला येतं, कूलिंगला फार त्रास देतं. नॉर्थ सी उत्तम."

जगाच्या नकाशाचंही तेच. रॉटरडॅम कसं आहे? "चांगलं. स्पेअर्स वेळेवर येतात." ब्राझीलचं सँटोस? "तिथे जनरेटरचा टर्बोचार्जर बदलला." सिडनीचं ऑपेरा हाउस तरी पाहिलंत की नाही? "समोरच होतं म्हणे. आमचं तीन नंबरचं युनिट काढलेलं होतं." युनिट काढणं म्हणजे इंजिनाच्या एका सिलिंडरचं डोकं क्रेनने उचलायचं, आतला पिस्टन वर ओढून काढायचा, साफसूफ करून, रिंगा बदलून परत बसवायचा. हे इंजिन तीन-चार मजले उंच असतं आणि त्याच्या एका सिलिंडरमध्ये माणूस उतरून काम करू शकतो. जहाज बंदराला लागलं की ते थांबतं, आणि ते थांबलं तरच त्याचं पोट उघडता येतं. म्हणजे ज्या दिवसात बाकीचे लोक गाव बघायला उतरायचे, नेमके तेच दिवस बाबांच्या कामाचे.

मी पाचवीत असताना आमच्या बाईंना वाटलं, हिचे वडील सुट्टीवर आलेत तर त्यांनी वर्गात येऊन देशोदेशीच्या गमतीजमती सांगाव्यात. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले, फळ्याकडे वळले आणि खडूने प्युरिफायरचा उभा छेद काढायला लागले. जहाजाचं इंधन म्हणजे गार असताना धड वाहतसुद्धा नाही असा काळा राडा. तो आधी गरगर फिरवून त्यातला गाळ आणि पाणी वेगळं करायचं, मग सव्वाशे डिग्रीच्या आसपास तापवून इंजिनात सोडायचा. हे त्यांनी अख्खा तास सांगितलं. मधे एका मुलाने "काका, शार्क?" असं विचारलं. बाबांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "सी चेस्टमध्ये एवढा मोठा मासा येत नाही. जेलीफिश येतात. फिल्टर चोक होतो." बाईंनी आभार मानले. पुढच्या आठवड्यात त्याच कार्यक्रमाला एका मुलीचे बाबा आले, ते एसटीत कंडक्टर होते. त्यांचा तास फार रंगला.

भारतीय जहाजांवर हुद्द्यांची जुनी नावं चालतात. सगळ्यात धाकटा इंजिनिअर तो पाँचसाब, त्याच्या वरचा चारसाब, मग तीनसाब, मग सेकंडसाब आणि शेवटी चीफ इंजिनिअर, म्हणजे बडासाब. वीज बघतो तो बत्तीसाब. आमच्या घरात इसवी सनापेक्षा हीच कालगणना जास्त चालते. आईबाबांचं लग्न चारसाबच्या काळात, मी तीनसाबच्या, भाऊ सेकंडसाबच्या आणि डोंबिवलीचा फ्लॅट बडासाबच्या पहिल्या वर्षी. वर चढायचं तर परीक्षा द्यायची, आणि परीक्षेसाठी जहाज आणि पगार दोन्ही सोडून महिनोन् महिने घरी बसून अभ्यास करायचा. मी रांगत होते तेव्हा बाबांची क्लास टूच्या तोंडी परीक्षेची तयारी चालू होती. मला मांडीवर घेऊन ते बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह मोठ्याने पाठ म्हणत. आई सांगते, मला दुसऱ्या कुठल्याच अंगाईने झोप यायची नाही.

लग्न ठरताना बरीच पंचाईत झाली होती. आईचं माहेर रत्नागिरीचं. कोकणातल्या जुन्या माणसापुढे बोटीचं कौतुक करायची सोय नाही. त्याने मुंबईची बोट केलेली असते आणि त्या प्रवासात पोटातलं सगळं दर्याला वाहिलेलं असतं. त्यात १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. तेव्हापासून बोटीचं नाव निघालं की माझे आजोबा गप्प होत. १९७८ साली अशा घरात बाबा मुलगी बघायला गेले. आजोबांनी पहिलाच प्रश्न टाकला, "एकाहत्तरच्या लढाईत कुठे होतात?"

"कलकत्त्याला," बाबा म्हणाले. "तारातल्याला, डीएमईटीत. दुसऱ्या वर्षाला होतो. वर्कशॉपमध्ये कानस घासत होतो."

डीएमईटी हे मरीन इंजिनिअरिंगचं कॉलेज. आजोबांनी समजूतदारपणे मान डोलावली आणि आत जाऊन आजीला सांगितलं की मुलगा आरमारातला आहे, पण कामाबद्दल बोलायची परवानगी दिसत नाही. मर्चंट नेव्ही म्हणजे तोफा नसलेली, माल वाहणारी जहाजं, हे आजोबांना पटायला पुढे बरीच वर्षं लागली. तोवर ते गावात दर पंधरा ऑगस्टला बाबांच्या वतीने शुभेच्छा स्वीकारत.

बाबा जहाजावर लागले तेव्हा सुएझ कालवा बंद होता. १९६७ च्या युद्धात तो बंद पडला तो ५ जून १९७५ ला उघडला, त्यामुळे युरोपला जायचं तर अख्ख्या आफ्रिकेला वळसा. त्या युद्धात कालव्यातल्या ग्रेट बिटर लेकमध्ये चौदा जहाजं अडकून पडली आणि आठ वर्षं तिथेच राहिली. वाळवंटातली वाळू बसून पिवळी पडली. त्यावरच्या खलाशांनी स्वतःची टपाल तिकिटं काढली, १९६८ साली आपापसात ऑलिम्पिकसुद्धा भरवलं. पण बाबांना या गोष्टीत गोडी आहे ती वेगळ्याच कारणाने. कालवा मोकळा झाल्यावर त्यांतली दोन जर्मन जहाजं, फक्त दोन, स्वतःच्या इंजिनावर हॅम्बुर्गला परत गेली. "आठ वर्षं उभं जहाज! आणि स्टार्ट झालं!" असं म्हणताना बाबांचा आवाज अजून कापरा होतो. दर सुट्टीत घरी आले की ते खाली जाऊन स्कूटरला किक मारत, स्कूटर सुरू होत नसे, आणि मग जिन्यातून वर येताना आम्हाला ग्रेट बिटर लेक ऐकू यायला लागे. आई स्वयंपाकघरातूनच म्हणायची, "अहो, त्या जर्मनांना मुलांना शाळेत सोडायचं नव्हतं."

बाकी आईची सगळी हयात एकटीने घर चालवण्यात गेली. बँक, लाइटचा फ्यूज, सासूची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, भावाचं डोकं फुटणं, सगळं तिने एकहाती काढलं. बाबांचा सल्ला पत्राने यायचा. पत्र कंपनीच्या ऑफिसात, तिथून एजंटाकडे, तिथून पुढच्या बंदरात. जहाज तोवर भलतीकडे गेलेलं असायचं. म्हणून आई पत्रांवर क्रमांक घालायची. तरी सातवं पत्र चौथ्याच्या आधी पोचायचं आणि बाबा मागच्या पावसाळ्यातल्या गळक्या गच्चीवर उपाय सुचवायचे, तेव्हा आम्ही नवी पाण्याची टाकी बसवून मोकळे झालेले असायचो. भाऊ झाला तेव्हा मामाने तार केली: मुलगा झाला, दोघं खुशाल. बाबांची उलट तार आली: आनंद झाला, इंजिन ठीक. तारेला शब्दावर पैसे पडत, त्यात इंजिनाला जागा कशी काय मिळाली, हा विषय आमच्याकडे चाळीस वर्षांनंतरही दिवाळीच्या फराळाबरोबर निघतो.

पुढे बॉम्बे रेडिओ या किनाऱ्यावरच्या बिनतारी केंद्रामार्फत बोलता येऊ लागलं. एकाने बोलून थांबायचं, मग दुसऱ्याने बोलायचं. हे बोलणं आसपासच्या जहाजांना ऐकू जाऊ शकतं असं कुणीतरी सांगितल्यापासून आई फार जपून बोलायची. तीन मिनिटांत ती वीजबिलाची रक्कम, दुधाचा हिशेब आणि मुलांचे गणिताचे मार्क एवढंच सांगायची. बाबा पलीकडून वाऱ्याचा वेग सांगायचे. अरबी समुद्रात त्या रात्री कुणी कान लावून बसलं असेल, तर बिचाऱ्याची फारच निराशा झाली असणार.

धाकट्या भावाचा गैरसमज तर निराळाच होता. बाबांना आणायला सहार, सोडायला सहार. त्यामुळे चार वर्षांचा होईपर्यंत त्याची ठाम समजूत होती की बाबा विमानतळावर राहतात आणि आई त्यांना अधूनमधून घरी आणते. बालवाडीत त्याने तसं सांगितलंही. त्या बाईंनी आईला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं होतं की घरी सगळं ठीक आहे ना.

कायद्यालाही बाबा नक्की कुठे राहतात याबद्दल शंकाच होती. परदेशी कंपनीत गेल्यावर आयकराचा नियम लागू झाला: वर्षात १८२ दिवस देशात भरले की माणूस निवासी, त्याहून कमी तर अनिवासी. म्हणून कालनिर्णयावर आई ज्या तारखांना दुधाचे खाडे मांडायची, त्याच चौकोनांत बाबा स्वतःची हजेरी मांडायचे. मार्च जवळ आला की दिवस मोजायला सुरुवात. रिलीव्ह होऊन घरी आलेला माणूस, आल्या दिवशी सामान उघडायच्या आधी बोटं मोजतोय, हे बघून कुणाही बायकोचं पित्त खवळेल. आईचं खवळायचं नाही. १९९१ च्या जनगणनेला आलेल्या मास्तरांनी घरात माणसं किती असं विचारलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "साडेतीन." मास्तरांनी लेखणी थांबवून चष्म्यावरून पाहिलं. त्यांना वाटलं, दिवस गेलेत.

जहाजावरच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना बायकामुलं बरोबर नेता येतात. बाबा बडासाब झाले, आणि १९८९ च्या मे महिन्यात आम्ही तिघं मुरगावहून जपानला निघालो. गोव्याचं लोखंडाचं खनिज जपानच्या पोलाद कारखान्यांना जायचं, त्याचं जहाज. धक्क्यावर सगळीकडे तांबडी धूळ. दोन दिवसांत आईच्या पांढऱ्या साडीला गेरूचा रंग चढला. जहाजावरचा स्वयंपाकी, म्हणजे भंडारी, साष्टीचा होता; खलाशांचा मुकादम, म्हणजे सारंग, दापोलीकडचा. आईने पहिल्याच संध्याकाळी दोघांच्या गावांची, घरांची आणि सुनांची चौकशी पूर्ण केली, आणि तिसऱ्या दिवशी गॅलीत कांदेपोहे व्हायला लागले. कॅप्टनने ते खाऊन दुसऱ्यांदा मागितले. एवढ्या वर्षांत बडासाबना जहाजावर जे वजन मिळालं नव्हतं ते आईने आठवड्यात मिळवलं.

बाबा मात्र दिसेचनात. घरी निदान सुट्टीत तरी दिसायचे. इथे सकाळी बॉयलर सूट चढवून जे खाली जायचे ते जेवायला वर यायचे, जेवून परत खाली. अखेर मी हट्ट धरला आणि त्यांनी मला इंजिनरूममध्ये नेलं. लोखंडी जिने, इतके उभे की पाठ करूनच उतरायचं. कानांवर मोठे मफ. पायाखालच्या जाळीतून आणखी दोन मजले खाली दिसणारे. वर मेमधला समुद्राचा वारा होता, खाली पंचेचाळीस डिग्रीची धग. आवाज तर एवढा की तो कानांत येत नाही, छातीतच वाजतो. आणि तिथे, त्या धडधडीत, मला पहिल्यांदा वाटलं की बाबा घरी आलेत. चाल बदलली. एका पंपाजवळ थांबले, हाताची उलटी बाजू त्याच्या बेअरिंगवर टेकवली, डोळे मिटले. मग माझा हात धरून तिथे लावला. गरम होतं, पण चटका बसेल असं नाही. आत काहीतरी अगदी बारीक, सारखं थरथरत होतं. त्यांनी भुवया उंचावून मला विचारलं, बरोबर आहे ना? मी मान हलवली. त्यांनीही हलवली, आणि आम्ही दोघं पुढच्या पंपाकडे गेलो.

तिथे बोलणं शक्यच नसतं, सगळं हाताने चालतं. बोट गोल फिरवलं की चालू कर, गळ्यावरून आडवा हात फिरवला की बंद. ही भाषा बाबा घरी घेऊन आले. माझ्या लग्नात एक लांबचे काका माइक हातात घेऊन नवदांपत्याला उपदेश करत होते. सभागृहाच्या दुसऱ्या टोकाहून बाबांनी त्यांच्याकडे बघत गळ्यावरून हात फिरवला. काका जागीच थबकले. सासरच्या मंडळींनी तो अर्थ वेगळा घेतला, आणि पुढची काही वर्षं ते बाबांशी फार आदराने वागत.

त्या सफरीत सूर्यास्त असा काही व्हायचा की दक्षिण चीन समुद्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत केशरी. आईने एकदा खाली फोन लावून सांगितलं, "अहो, निदान आजचा तरी बघायला या." बाबा आले. डेकवर उभे राहिले, कमरेवर हात ठेवून वर पाहिलं. आई त्यांच्याकडे बघत होती. थोड्या वेळाने म्हणाले, "धूर जरा काळपट आहे." ते धुरांड्याकडे बघत होते. लगेच खाली गेले.

१९९७ चा टायटॅनिक आम्ही सहकुटुंब पाहिला. थिएटर रडलं ते शेवटी. बाबा रडले ते मध्यावर, ब्रिजवरून उलटा हुकूम येतो आणि खाली सगळी माणसं जिवाच्या आकांताने इंजिन रिव्हर्सला घेतात तेव्हा. मध्यंतरानंतर त्यांना पडद्यात रस राहिला नाही. बाहेर आल्यावर वडापावच्या गाडीपाशी त्यांनी आम्हाला विचारलं, कॅप्टनचं नाव काय? स्मिथ, भाऊ म्हणाला. आणि चीफ इंजिनिअरचं? कुणालाच माहीत नव्हतं. "जोसेफ बेल," बाबा म्हणाले. "एकही इंजिनिअर वाचला नाही. शेवटच्या काही मिनिटांपर्यंत दिवे चालू ठेवले त्यांनी. नाहीतर ती होडीत बसलेली मंडळी एकमेकांना दिसली असती का?" इंजिनिअरांच्या सोनेरी पट्ट्यांमध्ये जांभळा रंग असतो तो त्या लोकांच्या आठवणीसाठी, असंही ते सांगतात. तो रंग टायटॅनिकच्या आधीपासूनच होता, हे भावाने पुढे शोधून काढलं. बाबांनी ते ऐकून घेतलं, आणि पुढच्याच पाहुण्यांना परत टायटॅनिकच सांगितला. त्यांच्या बाजूने मी एवढंच म्हणेन की डेकवाल्यांच्या दंतकथा कुणी तपासायला जात नाही.

इंजिनवाल्याला आवाजाने जाग येत नाही, आवाज थांबला की येते. समुद्राच्या मधोमध इंजिन थांबणं म्हणजे संकट. त्यामुळे गाढ झोपेतही कान पहाऱ्यावर. डोंबिवलीत या गुणाचा फार छळ झाला. वीज गेली, पंखा थांबला, की आम्ही घामाने हळूहळू जागे व्हायचो. बाबा त्याआधीच अनवाणी, टॉर्च घेऊन जिन्यात असायचे. मीटरच्या खोलीपाशी पोचल्यावर त्यांच्या लक्षात यायचं की आपण जहाजावर नाही. मग अंधारात तिथेच उभे राहून लक्ष्मणशी, म्हणजे आमच्या वॉचमनशी, गप्पा मारायचे. लक्ष्मणला सोसायटीतलं दुसरं कुणी मध्यरात्री भेटायला येत नसे. त्यांची मैत्री तिथली.

निवृत्त झाल्यावर बाबांना सोसायटीचं सेक्रेटरी केलं गेलं; केलं गेलं म्हणजे दुसरं कुणी तयार नव्हतं. पहिल्याच आठवड्यात पंपरूमच्या दारावर तक्ता लागला. दोन पंप आलटूनपालटून चालवायचे, एक ड्युटीवर, एक स्टँडबाय. जनरेटरची चाचणी दर शनिवारी. गच्चीवरच्या टाकीत दोरीला वजन बांधून पाण्याची खोली मोजायची आणि दुपारी बारा वाजता वहीत लिहायची, कारण जहाजावर सगळा हिशेब दुपारी बाराला होतो. समुद्राच्या पाण्यापासून रोज वीस-पंचवीस टन गोडं पाणी करणाऱ्या माणसासमोर नळ सोडून दात घासायची हिंमत कुणाला होणार? सिंगापूरला इंधन देणाऱ्या बार्जवाल्यांची एक जुनी युक्ती आहे: तेलात हवा मारून फेस आणायचा, म्हणजे माप जास्त दिसतं. त्याला म्हणतातच कॅपुचिनो. त्या अनुभवावर बाबांनी आमच्या दूधवाल्याला माप घालून झाल्यावर पाच मिनिटं थांबायला लावलं, फेस बसेपर्यंत. तिसऱ्या दिवशी दूधवाल्याने बदली माणूस पाठवला.

फायर ड्रिलचा प्रसंग जरा जास्त गाजला. जहाजावर धोक्याचा इशारा म्हणजे सात छोटे ठोके आणि एक लांब. बाबांनी नोटीस लावली, सूचना घरोघरी दिल्या, सगळ्यांनी पार्किंगमध्ये जमायचं ठरलं. दिवस नेमका गणपतीतला आणि घंटा मंडपातलीच. ठरल्या वेळी बाबांनी सात छोटे आणि एक लांब असे ठोके दिले, हातात घड्याळ धरून उभे राहिले. साडेचार मिनिटांत सगळी इमारत खाली! बाबांचा चेहरा उजळला. मग दिसलं की बायकांच्या हातात निरांजनं आहेत आणि वरच्या मजल्यावरच्या जोशीकाकांनी प्रसादासाठी वाटी आणली आहे. कुणीतरी सुखकर्ता सुरू केलं. बाबांनी आरती संपेपर्यंत हात जोडून घेतले आणि मग सभेच्या इतिवृत्तात नोंद केली: उपस्थिती शंभर टक्के, ड्रिल समाधानकारक.

गेल्या महिन्यात आईबाबा भावाकडे पुण्याला चार दिवस गेले. घर बघायला मी डोंबिवलीला आले, तर टेबलावर माझ्यासाठी हँडिंग ओव्हर नोट्स तयार. जहाज सोडणारा इंजिनिअर आपल्या जागी येणाऱ्याला यंत्रांची सगळी दुखणीखुपणी लिहून देतो, त्याला हे नाव. दोन पानं, रेघ मारून, क्रमांक घालून. गीझर: थर्मोस्टॅट जरा हळवा आहे, पंधरा मिनिटांच्या वर ठेवू नये. फ्रिज: मागची बाजू हाताने तपासावी, कोमट असेल तर ठीक. मिक्सर: सलग दोन मिनिटांहून जास्त चालवू नये, वास आल्यास बंद. शिल्लक साठा: गॅस साधारण निम्मा, गव्हाचं पीठ सहा दिवस, चहा अकरा दिवस. सोसायटीचा पंप क्रमांक दोन: ग्लँड किंचित गळते, थेंब मोजावेत, मिनिटाला दहापर्यंत चालेल. खाली तारीख, वेळ आणि सही: चीफ इंजिनिअर.

त्याच्याखाली आईच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलं होतं: "यातलं काही करू नकोस. पंपाचं लक्ष्मण बघतो. पीठ काल दळून आणलंय, डब्यात आहे. मिक्सर मीच मागच्या महिन्यात नवा घेतला, यांना अजून कळलेलं नाही."